ओली पट्टी

बोरनाळ्याच्या अग्निशमन केंद्रात बायकांची पहिली तुकडी रुजू झाली तेव्हा त्यांच्या मापाचे बूट आले नव्हते, कपडे बदलायला खोली नव्हती आणि संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. यंत्र मात्र अगदी वेळेवर आलं होतं. सरकारी कारभार म्हणतात तो हाच. बुटांत वर्तमानपत्रं कोंबून आठ जणी परेडला उभ्या राहिल्या आणि केंद्रप्रमुख गावंडे साहेबांनी प्रत्येकीच्या हातात एक काळी बंडी ठेवली.

"हिचं नाव राखण," साहेब म्हणाले. "आगीच्या कोटाच्या आतून घालायची. ती बाहेर या म्हणाली की बाहेर यायचं. तिथं आपलं डोकं चालवायचं नाही."

प्रणिता भोयरचं डोकं लहानपणापासून जरा जास्तच चालायचं. कबड्डीच्या मैदानावर वाढलेली ही बाई, अठ्ठाविसाव्या वर्षी तिसऱ्या खेपेला शारीरिक चाचणी पास होऊन इथवर आली होती. पहिल्याच महिन्यात तिनं होसची गुंडाळी खांद्यावर न घेता कमरेवर घेतली, बाया कळशी घेतात तशी. पुरुष पोटभर हसले. पण खांद्यावर घेणारा जिन्यात दोनदा थांबायचा आणि ही एका दमात वर जायची. वर्षभरात दोन पोट्ट्यांनीही गुपचूप होस कमरेवर घ्यायला सुरुवात केली. त्यांना कोणी हसलं नाही, ही गोष्ट प्रणितानं लक्षात ठेवली.

होस, शिडी, कोट, सगळ्यांशी बायकांनी जमवून घेतलं. जमेना ते राखणीशी.

राखण काय करायची ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आगीत माणूस भाजून मरतो असं आपल्याला वाटतं. आग विझवणाऱ्यांचा खरा वैरी निराळाच असतो. जाड कोटाच्या आत घाम येतो पण सुकत नाही, अंगातली उष्णता अंगातच कोंडते आणि शरीर आतून तापत जातं. ते चाळीस अंशांच्या वर गेलं की आधी मेंदू गडबडतो, मग माणूस कोसळतो. आता ही आतली उष्णता बाहेरून मोजता येत नाही. म्हणून राखणीच्या छातीवर, बरोबर बरगड्या जुळतात तिथं, रुपयाएवढी एक चकती होती. चकती कातडीची उष्णता मोजायची, नाडी मोजायची, आणि हजारो माणसांच्या नोंदींवरून शिकलेलं गणित लावून आतल्या उष्णतेचा अंदाज बांधायची. बाहेर बंबाच्या पॅनेलवर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा दिसायचा: कोसळायला किती मिनिटं शिल्लक. आकडा संपत आला की कानात बाईचा आवाज यायचा, "बाहेर या."

मेख त्या हजारो माणसांत होती. त्यांत बायका शेकड्याला दोनसुद्धा नव्हत्या, आणि होत्या त्याही थंड मुलखातल्या. बाईचं हृदय लहान, त्यामुळे तेच ओझं उचलताना नाडी जास्त पळते. तिला घाम थोडा उशिरा फुटतो. महिन्यातले दहा-बारा दिवस तिचं अंग तसंही अर्ध्या अंशानं गरम असतं. यात कमीपणा काही नाही. शरीराची घडण तेवढी वेगळी आहे. राखणीला मात्र प्रत्येक बाई कोसळायच्या बेतात आलेला पुरुष दिसायची. पुरुषाला ती बावीस मिनिटं द्यायची आणि बाईला चौदाव्या मिनिटाला हाक मारायची.

वर नियम असा की तीन महिन्यांत तीनदा हाक आली की मैदानातली ड्यूटी बंद. वर्षाच्या आत आठातल्या दोघी टेलिफोनवर बसल्या. "म्हटलं होतं ना, हे बायकांचं काम नाही," असं कोणी तोंडावर बोललं नाही. बोलायची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात प्रणिताच्या नावावर दोन हाका लागल्या होत्या. त्यात छातीवर घामोळं उठलेलं. चकती घासून घासून कातडी सोलून निघाली होती. तिनं आईच्या जुन्या सुती लुगड्याची बोटभर रुंद पट्टी फाडली, माठातल्या पाण्यात बुडवून पिळली आणि चकतीखाली ठेवली. तेवढाच गारवा. त्याच दुपारी सरकीच्या गोदामाची वर्दी आली. प्रणिता आत गेली ती वीस मिनिटांनी काम आटपून आपल्या पायांनी बाहेर आली. राखण एका शब्दानं बोलली नाही.

"आज तुझ्या सासूनं तोंड उघडलं नाही काय वं?" शबानानं विचारलं. शबाना पठाण त्याच तुकडीतली. बंब चालवायची, आणि वेळ पडली की आतही शिरायची.

प्रणितानं बायकांना नुकत्याच मिळालेल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पट्टी दाखवली. शबाना पट्टीकडे बघत राहिली. "चोरी आहे ही," ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "मलाही एक फाडून दे."

त्या दिवसापासून सहा जणींच्या खोलीत एक रीत पडली. ड्यूटीवर चढताना माठातून पाणी घ्यायचं, पट्ट्या भिजवायच्या, एकमेकींच्या चकतीखाली नीट बसवायच्या. ताप चढलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसल्याच या पट्ट्या. राखण गप्प झाली. पण राखण गप्प झाली की आपली राखण आपणच करायची हे त्या शहाण्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःचे दोन नियम केले. पहिला नियम काट्याचा. अंगात उष्णता फार कोंडली की भर आगीत थंडी वाजल्यासारखं होतं, हातावर काटा उभा राहतो. काटा आला की काम कितीही उरो, होस अडकला म्हणायचं, नोझल बिघडलं म्हणायचं, आणि सरळ बाहेर यायचं. दुसरा नियम बोलण्याचा. आत कायम जोडीनं जायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी जोडीदारणीला घरचं काहीतरी विचारायचं. आज डब्यात काय आहे? नणंदेच्या पोराचं नाव काय ठेवलं? उत्तर पूर्ण वाक्यात आलं पाहिजे. नुसतं "हं" आलं की बखोट धरून बाहेर. धुरातून या गप्पा वायरलेसवर ऐकू यायच्या तेव्हा गावंडे साहेब कपाळाला हात लावायचे. "आगीतही यांचं स्वयंपाकघर सुटत नाही," म्हणायचे. बायका त्यांना तसंच समजू द्यायच्या.

चार उन्हाळे असे गेले. सहातल्या एकीलाही काही झालं नाही.

पाचव्या वर्षी वरून पत्र आलं. राखण बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं उष्ण प्रदेशातल्या महिला जवानांच्या चार वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. निष्कर्ष असा की आधीची मर्यादा बायकांवर अन्याय करणारी होती. आता महिलांसाठी वेगळी मर्यादा लागू होईल: चोवीस मिनिटं. आणि या जोरावर राज्यात चारशे महिला जवानांची भरती निघेल. मराठीत लिहिलेलं ते पत्र प्रणितानं दोनदा वाचलं. मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. शबानानं सगळ्या केंद्राला जिलबी वाटली.

त्या नोंदी कुणाच्या होत्या? देशभरात भर उन्हाळ्यात आगीत जाणाऱ्या बायका मोजून चाळीस-पन्नास. त्यांतही सगळ्यांत जास्त वेळ आत काढलेल्या या बोरनाळ्याच्या सहा जणी. चकतीखाली ओली पट्टी लावलेल्या. हा हिशेब त्या दिवशी कुणाच्याही मनात आला नाही. आनंदात माणूस पुढचं-मागचं कशाला बघतंय? प्रणिताला वाटलं, यंत्राला अखेर बाईचं शरीर कळलं. तिनं सगळ्यांच्या पट्ट्या गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या. "आता चोरी बंद," ती म्हणाली. "आता ही राखण आपली आहे."

त्या सहा जणी नव्या मर्यादेतही सुखरूप राहिल्या, कारण काटा आला की बाहेर येण्याची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. आकडा किती शिल्लक आहे हे त्या बघतही नव्हत्या. त्यामुळे चूक वर्षभर कुणाला दिसली नाही.

*

भरतीतून बोरनाळ्याला आलेली पोरगी म्हणजे धनश्री आत्राम. चंद्रपूरकडच्या जंगलातल्या छोट्या गावची, बावीस वर्षांची, धावायला लागली की थांबायचं नाव न घेणारी. खिशात कैरीच्या फोडी आणि पुडीत मीठ. प्रशिक्षण प्रबोधिनीत तिला शिकवलं होतं की आगीत माणसाचा अंदाज चुकतो, राखणीचा चुकत नाही. मनाला काय वाटतं तिकडे लक्ष देऊ नका, आकड्याकडे द्या. धनश्रीनं ते मनापासून घेतलं होतं. राखणीला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई, किती मिनिटं ठेवली वो माझ्यासाठी?" बंडी घालताना ती चकतीवर टिचकी मारून विचारायची. केंद्रातले पुरुषही हसायचे. गेल्या सहा वर्षांत प्रणितानं त्यांना एखाद्या बाईबरोबर असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

प्रणिता आता लीडिंग फायरमन झाली होती. पदाचं नाव अजून फायरमनच होतं, तेवढं बदलायला कुणाला सवड नव्हती. धनश्री तिच्या हाताखाली. एकदा शबाना म्हणाली, "पोरीला काट्याचं सांगून ठेव गं."

"सांगायचं तर मग पट्टीचंही सांगावं लागंल," प्रणिता म्हणाली. "कशापायी? आपण चोरून जगलो ते जगलो. हिला ताठ मानेनं राहू दे."

आणि तिनं सांगितलं नाही. वाईट दिवसांची कामचलाऊ युक्ती, ती आता कशाला हवी, असं तिला वाटलं. तिचा हेतू चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतोय. त्यानं पुढचं काही टळलं नाही.

*

मे महिन्यात दुपारी एक वाजता कापसाच्या जिनिंग कारखान्याची वर्दी आली. बाहेरच सेहेचाळीस अंश. कापसाच्या गाठी फार फसव्या असतात. वरून पाणी मारलं की विझल्यासारख्या दिसतात आणि आत तासन्‌तास धुमसतात. एकेक गाठ ओढून, फोडून, भिजवावी लागते. त्या कामात दम निघतो.

धनश्री एका पुरुष जवानाबरोबर पहिल्या फेरीला जाऊन आली. हवेचा सिलिंडर बदलायला ती बंबापाशी बसली, हातमोजे काढले आणि बाटली तोंडाला लावली. प्रणिता पॅनेलपाशी उभी होती. तिची नजर पोरीच्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा होता. सेहेचाळीस अंशांत.

 प्रणितानं पॅनेलकडे पाहिलं. आत्राम, धनश्री: हिरवं. अकरा मिनिटं शिल्लक.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"मस्त, ताई." धनश्री हसली. जरा उशिरा हसली. "आत्याबाई काय म्हणते?"

"अकरा."

"मंग चार गाठी होतात अजून."

प्रणितानं पुन्हा हाताकडे पाहिलं, पुन्हा आकड्याकडे पाहिलं. आत माणसं कमी पडत होती, बाजूला सरकीचा ढीग होता, गावंडे साहेब वायरलेसवर दुसरी फेरी मागत होते. हे सगळं खरं. पण तिच्या मनात जे आलं ते वेगळंच होतं, आणि ते तिनं पुढे स्वतःपासून कधी लपवलं नाही. तिला वाटलं, इतकी वर्षं यंत्र बायकांना कमी लेखत होतं. आता ते अकरा म्हणतंय तर आपणच हिला कमी का लेखावं? आपला काटा हा जुन्या काळचा. हिला बसवलं तर पहिली हाक आपणच मारल्यासारखं होईल.

"जा," ती म्हणाली. "जपून."

सातव्या मिनिटाला जोडीदार ओरडला. चौघांनी मिळून धनश्रीला बाहेर ओढलं तेव्हा पॅनेलवर तिच्या नावापुढे अजून हिरवं होतं, चार मिनिटं शिल्लक. प्रणितानं कोट कापला, अंगावर पाणी ओतलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. पोरगी काहीतरी बोलत होती, पण ते गोंडीत होतं, तिच्या घरच्या भाषेत, आणि तिथं ते समजणारं कुणी नव्हतं.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाइन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

*

सामान न्यायला आई आली. कमलबाई आत्राम. ठेंगणी, काटक, एका हातात कापडी पिशवी. धनश्रीचे दोन ड्रेस, धावण्याचे बूट, मिठाची पुडी, सगळं तिनं एकेक करून पिशवीत भरलं. मग प्रणितासमोर उभी राहिली.

"एक विचारू जी?"

"विचारा ना, काकू."

"गावात म्हणतात, पोरीत आधीपासूनच खोट होती. लपवून भरती झाली म्हणतात. मशीन बरोबर होती, पोरगीच कच्ची होती." तिनं पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. "मी जन्म दिला तिले. मले कधी दिसलं नाही. तुमी रोज पाहत होते तिले. होती काय जी कच्ची?"

 प्रणितानं नुसती मान हलवली, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्या माउलीला कळलं नसावं. तिची गाडी होती, ती गेली.

चौकशीसाठी कंपनीकडून केतकी साने आली. तिशीतली, डोळ्यांखाली काळं झालेलं. झोप तिलाही नव्हती. बायकांची नवी मर्यादा तिनंच काढलेली होती. तिनं साहेबांच्या खोलीत पडद्यावर आलेख लावला.

"मी चकती तीनदा तपासली," ती म्हणाली. "त्यात काही बिघाड नाही. बंडीही ठीक आहे. इतर महिला जवानांच्या त्या चार वर्षांतल्या नोंदी बघा, ही निळी रेघ. आणि ही धनश्रीची, लाल. ती पहिल्यापासूनच वर आहे. म्हणजे तिच्या शरीरात उष्णता बाहेर टाकण्याचा काहीतरी सुप्त दोष असणार. अहवालात तसंच लिहावं लागेल."

"हा खड्डा कशाचा?" प्रणितानं विचारलं. निळी रेघ सुरुवातीला खाली उतरत होती, बारा-तेरा मिनिटं खालीच राहत होती आणि मग हळूहळू चढत होती.

केतकीचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. "तेच तर आमचं संशोधन. उष्ण प्रदेशातल्या बायकांची छातीवरची कातडी कामाच्या सुरुवातीला चक्क थंड होते. पुरुषांमध्ये हे दिसत नाही. शरीरानं हवामानाशी जुळवून घेतलंय. त्याच आधारावर मर्यादा वाढवली. धनश्रीच्या रेघेत तो खड्डाच नाही."

प्रणिता पडद्याकडे बघत राहिली. बारा-तेरा मिनिटं. माठातल्या पाण्यात भिजवलेली सुती पट्टी आगीच्या कोटात सुकायला तेवढीच मिनिटं लागतात. हे जगात फक्त सहा जणींना माहीत होतं.

 टेबलाचा काठ धरून ती खुर्चीत बसली. गावंडे साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "भोयर बाई, त्रास करून घेऊ नका. तुमची काही चूक नाही," ते म्हणाले.

*

शबाना बंब धूत होती. प्रणितानं सगळं सांगितलं. शबाना पाइप हातात धरून तशीच उभी राहिली आणि पाणी तिच्या बुटांवर पडत राहिलं.

"आपण मारली तिले," शबाना हळूच म्हणाली.

"मी मारली. काटा मी पाहिला होता."

 मग शबानानं पाणी बंद केलं. "ऐक. आता तू तोंड उघडशील, ते माहीत आहे मला. पण आधी पुढचा विचार कर. पट्टीचं कळलं की सगळी नोंद खोटी ठरंल. मर्यादा जाईल. चारशे पोरी घरी जातील. आणि लोक काय म्हणतील? बायका खोटं बोलून घुसल्या. पुन्हा वीस वर्षं कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि नाही बोलले तर? उद्या दुसरीकडे अजून एक धनश्री हिरवा आकडा पाहून आत जाईल."

"आपण सांगू ना काट्याचं. कानोकान."

"चारशे जणींना? किती गावं आहेत, शबाना? आणि आपल्या कानोकान सांगण्यावर त्या विश्वास ठेवतील, की आकड्यावर? माझाच काट्यावरचा विश्वास उडाला, आणि तो नियम मीच केलेला."

शबानाच्या डोळ्यांना धार लागली. तिच्या घरात कमावणारी ती एकटी, आणि बंबाचं चाक ही तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट होती जी तिनं भांडून मिळवली होती. प्रणिताला हे सगळं माहीत होतं.

"माझं नाव घेशील?"

"पट्ट्या सहा होत्या गं."

 शबानानं पुन्हा पाणी सुरू केलं आणि आधीच स्वच्छ झालेली काच धूत राहिली.

*

प्रणितानं केतकीला बायकांच्या खोलीत नेलं. आईच्या लुगड्याचा उरलेला तुकडा तिनं घरून आणला होता. तिनं पट्टी फाडली, माठात भिजवली, पिळली आणि केतकीच्या हातातल्या चकतीखाली धरली. केतकीच्या पडद्यावर नवी रेघ खाली उतरली. हुबेहूब तोच खड्डा.

केतकी जमिनीवरच बसली.  "चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी एका फडक्याचा अभ्यास केला. आणि एकदासुद्धा इथं येऊन तुमच्यापैकी कुणाला विचारलं नाही."

"आला असतात तरी आम्ही खोटंच सांगितलं असतं," प्रणिता म्हणाली. "तेव्हा आम्हाला तुमची भीती वाटत होती."

पुढचं सगळं भराभर झालं. दोन दिवसांत महिलांची मर्यादा रद्द झाली. नव्यानं चाचण्या होईपर्यंत राज्यातल्या सगळ्या महिला जवानांना मैदानातून मागे घेतलं गेलं. टेलिफोनवर, भांडारात, जिथं जागा होती तिथं बसवलं. चाचण्यांना दोन वर्षं लागतील असं केतकी म्हणाली, आणि या खेपेला खऱ्या बायकांवर, खऱ्या उन्हात करीन, असंही म्हणाली. बोरनाळ्याच्या सहा जणी निलंबित झाल्या. शबाना आपलं सामान घेऊन गेली तेव्हा प्रणिता दारातच होती. शबाना तिच्या बाजूनं निघून गेली, जसं तिथं कुणी उभंच नव्हतं. टीव्हीवर दोन माणसं तावातावानं सांगत होती की बायकांनी मुळात या कामात यायलाच नको होतं. प्रणितानं तो बंद केला नाही. ऐकणं आपल्या वाट्याचं आहे असं तिला वाटलं.

अहवालातून सुप्त दोषाचं वाक्य निघालं. पण अहवाल जंगलातल्या गावापर्यंत कुठला पोचतोय?

*

गावात पोचायला तिला सहा तास लागले. कमलबाईचं घर शेवटचं, मोहाच्या झाडाखाली. अंगणात सारवण नुकतंच वाळलं होतं. कमलबाईनं पाणी दिलं आणि समोर बसली. प्रणितानं पाणी न पिता सगळं सांगितलं. पट्टी, खड्डा, चोवीस मिनिटं, आणि पॅनेलपाशी पाहिलेला तो हात. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही.

कमलबाई ऐकत होती. मध्येच तिनं फक्त एकदा विचारलं, "मशीन नसती, तर तुमी जाऊ दिलं असतं काय तिले?"

"नाही. बसवलं असतं. पाणी ओतलं असतं अंगावर."

"आन् मंग?"

"मग ती आज असती, काकू."

कमलबाई उठून घरात गेली. प्रणिताला वाटलं, आता दार लागेल. तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण कमलबाई परत आली ती धनश्रीची शाळेची एक जुनी वही आणि पेन घेऊन.

"लिवून द्या," ती म्हणाली. "पोरगी कच्ची नव्हती म्हणून. सहीनं."

प्रणितानं कोरं पान काढलं.  लिहून झाल्यावर तिनं वही पुढे केली.

"मले वाचता येत नाही. तुमीच वाचा."

प्रणितानं वाचलं. "धनश्री आत्राम धडधाकट होती. तिच्या शरीरात कोणताही दोष नव्हता. चूक आमची होती. मी, प्रणिता भोयर, तिच्या हातावर काटा पाहिला आणि तरी तिला आत पाठवलं."

कमलबाईनं डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. ती एकेक शब्द पाठ करत असावी. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, कुंपणापाशी गेली आणि गोंडीत मोठ्यानं हाका मारल्या. पलीकडच्या घरातून दोन म्हाताऱ्या आल्या. पानाच्या टपरीवरचे चार-पाच पुरुष आले, धनश्रीचा चुलता आला, लेकरं काखेत घेतलेल्या बाया आल्या. सगळं अंगण भरलं. कमलबाईनं त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः प्रणिताच्या शेजारी उभी राहिली.

"आता यांच्यासमोर वाचा जी," ती म्हणाली. "हळू वाचा. माझा दीर कमी ऐकते."

प्रणिता उठून उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागली.